जिन्याखालचे अनोळखी झाड



शाळेच्या कार्यालयात, बँकेत, दवाखान्यात किंवा एखाद्या नातेवाइकांच्या दिवाणखान्यात कुंडीतले मोठे झाड तुम्ही नक्कीच पाहिले असेल. जाड, चकचकीत पानांचे आणि जवळजवळ छताला टेकलेले. त्याचे नाव विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, "ते होय? शोभेचे झाड आहे." जणू काही 'शोभेचे' ही झाडाची एक जातच आहे!

असेच एक झाड आमच्या महाविद्यालयात, पदार्थविज्ञान विभागाच्या जिन्याखाली होते. तेलाच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात ते वाढलेले. उंची अडीच मीटर. ते कोणी लावले, कधी लावले, हे कोणालाच आठवत नव्हते. एका वर्षी जूनपासून त्याची पाने पिवळी पडून गळू लागली. रोज सकाळी पिंपाशेजारी दोन-तीन पाने पडलेली असायची. ऑगस्ट उजाडला तेव्हा खोडाचा खालचा अर्धा भाग उघडा पडला होता. मग कार्यालयातून चिठ्ठी आली : दिवाळीच्या सुट्टीत पिंप रिकामे करून जागा मोकळी करावी.

आमच्या विभागातले शिपाई मामा या झाडाला रोज न चुकता तांब्याभर पाणी घालीत. पाने गळू लागल्यावर ते दोन तांबे घालू लागले. चिठ्ठी आली त्या दिवशी ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, "सर, माझं काय चुकलं हो?"

मला उत्तर देता आले नाही. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. झाडांतले मला काय कळणार? पण अनोळखी वस्तू समोर आली की तिला प्रश्न कसे विचारायचे, हे तर आपण प्रयोगशाळेत रोजच करतो. तेच इथे करायचे ठरवले. पहिला प्रश्न : हे झाड आहे तरी कोणते?

नाव कशाला हवे?

तुम्ही म्हणाल, झाड मरायला टेकले आहे आणि हे नाव कसले शोधत बसले? पण विचार करा. तुमच्या घरी एखादा अनोळखी पाहुणा आला, तो बोलत नाही, जेवतही नाही. तो कोणत्या गावचा हे कळले, तर तो काय खातो याचा निदान अंदाज करता येईल. झाडाचेही तसेच आहे. नाव कळले की गाव कळते. गाव कळले की तिथला पाऊस, ऊन आणि माती कळते, आणि मग आपल्याकडे त्याला काय कमी पडते आहे किंवा काय जास्त होते आहे, हे शोधता येते.

हल्ली मोबाइलने फोटो काढून झाडाचे नाव विचारता येते. आम्हीही विचारले. मोबाइलने तीन नावे सुचवली. त्यांपैकी एक बरोबर होते हे पुढे कळले. पण तीनांतले कोणते, हे ठरवायचे काम आमच्यावरच राहिले.

एक साक्षीदार पुरत नाही

अकरावीचे चार विद्यार्थी घेऊन मी झाडासमोर बसलो. शेंड्याकडे पाहिले, तर तिथे एक लालसर, टोकदार, बोटभर लांब शेंग असावी तसे काही दिसले. ती शेंग नव्हती. तो नव्या पानावरचा कोष होता. आत कोवळे पान गुंडाळी करून बसलेले असते. पान उलगडले की कोष गळून पडतो आणि फांदीवर अंगठीसारखी गोल खूण राहते. आमच्या झाडाच्या खोडावर अशा अंगठ्या ओळीने दिसत होत्या.

"सर, हा चाफ्याचा प्रकार असेल," एक विद्यार्थिनी म्हणाली. "आमच्या सोनचाफ्याला असाच कोष असतो." तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते. सोनचाफ्याच्या फांदीवरही अशीच अंगठी उमटते.

मग आम्ही एक पान देठाशी तोडले. पांढराशुभ्र चीक भळभळा वाहू लागला. सोनचाफ्याला असा दुधासारखा चीक नसतो. तेव्हा चाफा बाद झाला. (असा चीक कातडीला लागून खाज सुटू शकते. तो डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नका आणि हात लगेच धुवा.)

"मग फणस!" दुसरा म्हणाला. हेही चुकीचे म्हणता येईना. फणसाला चीक असतो आणि त्याच्याही फांदीवर कोषाची अंगठी असते. म्हणून आम्ही पान उजेडाकडे धरले. फणसाच्या पानात मधल्या शिरेपासून निघालेल्या ठळक उपशिरा मोजक्याच असतात. त्या सहज मोजता येतात. आमच्या पानातल्या उपशिरा मात्र मोजता मोजेनात. बारीक, एकमेकींना समांतर, वहीतल्या ओळींसारख्या दाट, आणि मधल्या शिरेला जवळजवळ काटकोनात. फणसही बाद.

तेवढ्यात तिसऱ्याने शंका काढली : बारीक दाट शिरा आणि चीक तर चिकूलाही असतो! खरे आहे. पण चिकूला तो कोष नसतो, त्यामुळे फांदीवर अंगठीही नसते.

पाहा, किती गंमत झाली. कोष चाफ्यालाही असतो, चीक फणसालाही असतो, बारीक शिरा चिकूलाही असतात. एकेकटी खूण काहीच सिद्ध करत नव्हती. पण तिन्ही खुणा एकाच झाडात शोधायला गेलो, तेव्हा एकेक नाव गळत गेले. वर्तुळे काढून संचांचा छेद दाखवतात, ते गणित तुम्ही शिकला असाल. झाड ओळखणे म्हणजे तेच गणित पानांवर करणे.

चीक आणि अंगठी या दोन्ही खुणा वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळात हमखास सापडतात. म्हणजे आमचा पाहुणा वडाच्या भावकीतला. पण त्याच्या पानाला पिंपळासारखे लांब शेपूट नव्हते, वडाच्या पानासारख्या ठसठशीत शिरा नव्हत्या. एक वीत लांबीचे जाड, गुळगुळीत पान, दाट समांतर शिरा आणि लालसर कोष. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी पानाचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. काही मोठ्या पेशींत देठाला लोंबणाऱ्या द्राक्षांच्या घडासारखे खडे दिसले. त्यांना सिस्टोलिथ म्हणतात. ते कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्या जातीचे असतात. सौम्य आम्लाचा थेंब सोडताच त्यांतून बुडबुडे निघाले. आता शंका उरली नाही. आमचे झाड होते फायकस इलास्टिका, म्हणजे 'रबराचे झाड'.

मधाची टोपली आणि झाडाचे गाव

हे नाव ऐकून केरळातले रबराचे मळे डोळ्यांसमोर आणू नका. ते झाड वेगळे. त्याचे नाव हेविया आणि ते मूळचे ब्राझीलकडचे. त्याच्या एका देठावर तीन-तीन पर्णिका असतात. आमचे झाड मात्र आपल्या देशाचे, ईशान्येकडच्या डोंगरांतले.

त्याची शास्त्रज्ञांशी ओळख कशी झाली, ती हकिकत मोठी मजेदार आहे. विल्यम रॉक्सबर्ग हे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. १८१० सालच्या अखेरीस त्यांना सिल्हेटहून स्मिथ नावाच्या गृहस्थांनी डोंगरातला मध पाठवला. मध होता वेताच्या विणलेल्या टोपलीत! टोपलीतून मध गळत का नाही? टोपलीला आतून एका झाडाच्या चिकाचा लेप दिला होता. रॉक्सबर्ग यांना मधापेक्षा त्या लेपाचीच उत्सुकता अधिक. त्यांनी टोपली रिकामी करून धुतली, तर आत रबराचा पातळ, अखंड थर! मग त्यांनी त्या झाडाचा शोध घेतला आणि त्याच्या लवचीक चिकावरून त्याला 'इलास्टिका' नाव दिले. डोंगरातल्या लोकांना मात्र ते झाड आणि त्याचा उपयोग आधीपासूनच ठाऊक होता.

१८७३ साली आसामात चारद्वार येथे या झाडांची सरकारी लागवडही सुरू झाली. पण १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी हेवियाच्या सुमारे ७०,००० बिया ब्राझीलहून इंग्लंडमधील क्यू उद्यानात पोहोचवल्या. हेवियाचे रबर सरस ठरले आणि आमच्या झाडाकडे रबराचे नुसते नाव उरले.

मेघालयात या झाडाचा आणखी एक उपयोग करतात. तिथले खासी आणि जैंतिया लोक त्याच्या पारंब्या आणि मुळे ओढ्यापलीकडे वळवून नेतात. दहा-वीस वर्षांत ती मुळे जाड होतात, एकमेकांत गुंततात आणि माणसे चालू शकतील असा जिवंत पूल तयार होतो. लाकडी पूल पावसाने कुजतो. हा पूल वर्षागणिक बळकट होत जातो.

कोड्याचे मर्म

इथे आमच्यापुढे एक कोडे उभे राहिले. हे पूल चेरापुंजीच्या परिसरात आहेत. तिथे वर्षाला ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईच्या जवळजवळ पाचपट. त्या धो धो पावसात ज्याची मुळे पूल बांधतात, ते झाड मामांच्या दोन तांब्यांनी मरायला टेकावे?

उत्तर पिंपात होते. आम्ही पिंप तिरपे करून पाहिले, तर त्याच्या तळाला एकही भोक नव्हते! डोंगरात पाणी पडते आणि वाहून जाते. मुळे खडकांवर, दुसऱ्या झाडांच्या खोडांवर, हवेत लोंबत असतात. त्यांना पाणी भरपूर आणि हवाही भरपूर. पिंपात पाणी साचून राहिले होते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत एरवी हवा असते. तिची जागा पाण्याने घेतली. मुळेही आपल्यासारखीच श्वसन करतात, त्यांना ऑक्सिजन लागतो. आणि ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्यापेक्षा साचलेल्या पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणजे मुळे अक्षरशः गुदमरत होती. मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, पाने सुकतात आणि आपल्याला वाटते, झाड तहानले! आपण आणखी पाणी घालतो. मामांचे नेमके हेच झाले होते.

पण एक शंका उरतेच. हेच पिंप, हेच मामा आणि हाच तांब्या आधीही होता. मग झाड याच वर्षी का आजारी पडले?

दोष कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर सांगताना मला थोडे संकोचल्यासारखे होते. मे महिन्यात भिंतींना रंग द्यायचा होता. तोवर हे झाड व्हरांड्याच्या मोठ्या खिडकीशी होते. ते मीच जिन्याखाली हलवायला लावले आणि रंगकाम संपल्यावर परत नेण्याचे विसरलो. जिन्याखाली मला तरी अंधार वाटला नव्हता. तिथे उभे राहून वर्तमानपत्र वाचता येत होते.

प्रयोगशाळेतला प्रकाशमापक काढला. खिडकीशी ३,००० लक्स. जिन्याखाली ४०! पंचाहत्तर पट फरक, आणि माझ्या डोळ्यांना तो 'थोडा कमी उजेड' वाटला होता. आपले डोळे असे फसवतात. अंधारात बाहुली मोठी होते, दृष्टिपटल अधिक संवेदनशील होते आणि उजेड कमी झाल्याचे आपल्याला फारसे जाणवू देत नाही. दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, घरातल्या दिव्याखाली दोन-तीनशे. आपण दोन्हीकडे आरामात वावरतो. पानाला मात्र अशी बाहुली नाही. जेवढा प्रकाश पडेल तेवढ्यावरच त्याला अन्न करावे लागते.

घरखर्चाचे उदाहरण घ्या. प्रकाशसंश्लेषण ही पानाची कमाई. श्वसन हा खर्च, आणि तो रात्रंदिवस चालू. उजेड इतका घटला की कमाई खर्चाहून कमी झाली, तर झाड साठवणीतले खाऊ लागते आणि जी पाने पोसणे परवडत नाही ती गाळू लागते. आमच्या झाडाने हेच केले होते.

आता पाण्याचा दुवा जोडा. उजेडात पानांची रंध्रे उघडतात आणि त्यांतून बाष्प बाहेर पडते. खिडकीशी असताना झाड मामांचा तांब्याभर पाणी रोज हवेत उडवून टाकीत असे. म्हणून बिनभोकाच्या पिंपातही वर्षानुवर्षे निभावले. अंधारात ते पाणी कमी पिऊ लागले. तांब्या मात्र तोच राहिला. म्हणजे मामांची चूक एवढीच, की त्यांची माया बदलली नाही. झाडाची जागा बदलणारा मी होतो. हे मी मामांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहू लागले.

आम्ही काय केले?

झाड पिंपातून बाहेर काढले. काळी पडलेली, वास येणारी, बोटाने चेपताच सोलून येणारी मुळे कापली. घट्ट, फिकट रंगाची ठेवली. पिंपाच्या तळाला आठ भोके पाडून ते विटांवर ठेवले. मातीत जाडी वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला. मुळे घटली होती, म्हणून शेंड्याकडचा भागही कमी केला. थोडक्या मुळांनी सगळ्या पानांना पाणी पुरवावे कसे? कापल्या जागी चीक वाहू लागला, तो ओल्या फडक्याने टिपला.

नंतर झाड खिडकीकडे नेले, पण एकदम नाही. अंधारात राहिलेली पाने एकाएकी कडक उन्हात ठेवली तर करपतात. दर आठवड्याला मीटरभर पुढे, असे सरकवत नेले. पानांवरची धूळ ओल्या कापडाने पुसली, कारण धुळीचा थर म्हणजे पानावरचा पडदाच. खत मात्र घातले नाही. आजाऱ्याला पक्वान्न वाढत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. मुळे सावरेपर्यंत खताचा उपयोग नसतो, उलट अपायच होतो.

त्यानंतर सहा आठवडे काहीच घडले नाही. दिवाळी जवळ आली. प्राचार्यांकडे जाऊन आम्ही आणखी मुदत मागून घेतली. सुट्टीतही मामा एक दिवसाआड येऊन बोट खुपसून जात. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी मला हाताला धरून खिडकीपाशी नेले. कापलेल्या शेंड्याच्या जरा खाली, बाजूने, एक लाल टोक बाहेर आले होते. तांदळाच्या दाण्याएवढे.

झाड आता त्याच खिडकीशी आहे. जुनी पाने गेली ती गेलीच; खालचे खोड उघडेच राहिले आहे. वर मात्र दाट पाने आहेत. पिंपावर नाव लिहिलेली पाटीही आहे.

तुम्ही करून पाहा

१. आकाश मोजा. तुमच्या कुंडीतल्या झाडाच्या पानांशी डोळा नेऊन खिडकीकडे पाहा. किती आकाश दिसते? मुळीच दिसत नसेल तर जागा बदला. खिडकी लहान आणि झाड दूर असेल, तर अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश जवळजवळ चौथा हिस्सा होतो. मोबाइलमध्ये प्रकाश मोजण्याची सोय असेल तर खिडकीपासून एक, दोन आणि तीन मीटरवर आकडे घेऊन आलेख काढा.

२. स्पंजचा प्रयोग. भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि न पिळता परातीवर आडवा धरा. ठिबकणे थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल! बारीक छिद्रे पाणी काही ठरावीक उंचीपर्यंतच धरून ठेवू शकतात. आडव्या स्पंजाची उंची तेवढीही नसते, म्हणून तो जवळजवळ पूर्ण भिजलेलाच राहतो. कुंडीतल्या मातीचेही असेच. उथळ कुंडी अधिक काळ चिंब राहते. तळाला खडी भरली तरी पाणी लवकर निघत नाही. मातीची उंची मात्र कमी होते. भोके हवीत आणि माती भुसभुशीत हवी.

३. अनोळखी झाड शोधा. शाळेच्या कार्यालयात किंवा शेजाऱ्यांकडे नाव ठाऊक नसलेले एक झाड निवडा. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? चीक येतो का? फांदीवर अंगठी आहे का? शिरा कशा आहेत? (पान तोडण्यापूर्वी मोठ्यांना विचारा.) प्रत्येक खुणेपुढे, ती खूण असलेली तुमच्या ओळखीची झाडे लिहा. सगळ्या यादींत कोणते नाव टिकते ते पाहा. एकच खूण जुळली म्हणून घाईने नाव देऊ नका.

नाव सापडले की त्या झाडाचे गाव शोधा. आणि मग, जो कोणी त्याला रोज पाणी घालतो, त्याला जाऊन सांगा.